जाताना डावीकडे, येताना उजवीकडे

चौतीस वर्षं मी पाणीपुरवठा खात्यात नोकरी केली आणि तेवढ्या काळात एकदाही घोट्याच्या वर भिजलो नाही. खात्यात हे कोणाला खटकलं नाही. मी नळाच्या तक्रारी घ्यायचो, त्यांना नंबर द्यायचो आणि "सांगतो वर" असं म्हणायचो. वर कोणी नव्हतं. आमचं ऑफिस सगळ्यात वरच्या मजल्यावर होतं.

त्यामुळे वयाच्या बासष्टाव्या वर्षी मी पोहायची चड्डी विकत घेऊन घरी आलो, तेव्हा बायकोने ती पिशवीतून काढली, दोन्ही हातांनी ताणून खिडकीच्या उजेडात धरली आणि विचारलं, "कोणासाठी?"

"माझ्यासाठी."

"डॉक्टरांनी सांगितलं?"

"वहिनींनी."

मग तिने चड्डीची नीट घडी घातली आणि माझ्या ऑफिसच्या शर्टांच्या शेजारी ठेवली. ते शर्टही आता नुसते ठेवलेलेच होते.

वहिनी आदल्या संध्याकाळी आल्या होत्या. अर्धा तास त्या हवेबद्दल बोलल्या. आमच्या वहिनी हवेबद्दल बोलायला लागल्या की समजावं, काहीतरी मागायचं आहे आणि ते त्यांनी आजवर कधी कोणाकडे मागितलेलं नाही. शेवटी कपातला चहा गार झाल्यावर त्या म्हणाल्या, "भाऊजी, यांना एक विद्यार्थी हवाय."

माझा दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. शहराच्या तरणतलावावर एकतीस वर्षं तो पोहायला शिकवत होता. या शहरात चाळिशीच्या आतलं जे कोणी पाण्यावर तरंगतं, ते त्याच्यामुळे. निवृत्त झाल्यावरही तो रोज सकाळी सहाला पँट पोटरीपर्यंत दुमडून, रबरी चपला घालून काठावर हजर असायचा. मग त्याचं विसरणं सुरू झालं. आधी किल्ल्या गेल्या, मग वार, मग माणसं. वहिनी अजून शिल्लक होत्या, पण रोज असतीलच असं नव्हतं. मला तो नळाच्या तक्रारीसाठी आलेला ऑफिसचा माणूस समजायचा. यात त्याची चूक फारशी नव्हती, मला निवृत्त होऊन चारच वर्षं झाली होती.

पाणी मात्र त्याला आठवत होतं. काठावर उभं केलं की त्याची पाठ सरळ व्हायची, आवाज परत यायचा. अडचण अशी की तो कोणाच्याही पोराला सूचना द्यायला लागला आणि पालकांनी तक्रार केली. तलावाची आताची शिक्षिका त्याचीच विद्यार्थिनी. तिच्या गळ्यात कायम शिट्टी असते आणि ती बोलते त्यापेक्षा वाजवते जास्त, म्हणून सगळे तिला शिट्टीच म्हणतात. ती वहिनींना म्हणाली, "सरांना यायला मी कधीच नाही म्हणणार नाही. पण त्यांना स्वतःचं असं एक माणूस पाहिजे शिकवायला. मोठं, समजूतदार. तक्रार न करणारं."

तक्रार न करणारं माणूस म्हटल्यावर वहिनींना मी आठवलो. तक्रारी घेण्यात माझं आयुष्य गेलं होतं, करण्यात नव्हे.

"वहिनी," मी म्हणालो, "मला पाण्याची भीती वाटते."

"ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "म्हणून तर हवेबद्दल बोलत बसले."

*

पहिल्या दिवशी दादाने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. त्याच्या नजरेत ओळख नव्हती, हिशेब होता. शिंपी कापडाकडे बघतो तसा.

"या साहेब. कधी उतरलायत पाण्यात?"

मला जन्मात कधी त्याने 'अहो' म्हटलं नव्हतं. दगड, गाढव, आणि फार प्रेम आलं तर नुसतं 'ए'. मी म्हणालो, "एकदा. लहानपणी."

"मग?"

"मग नाही."

"हरकत नाही," तो म्हणाला. "पाणी तेच आहे."

पहिले पंधरा दिवस मी उथळ बाजूला कठडा धरून तोंड पाण्यात घालत होतो आणि काढत होतो. माझ्या एका बाजूला सहा वर्षांच्या मुलींचा वर्ग होता. त्यातली एक मला रोज विचारायची, "आजोबा, आज जमणार?" मी म्हणायचो, बघू. दुसऱ्या बाजूला एक दंतवैद्य होते. पन्नाशीचे, माझ्यासारखेच नवशिके. आयुष्यभर लोकांना "तोंड उघडा" म्हणत आले होते, त्यामुळे पाण्याखालीही त्यांचं तोंड आपोआप उघडायचं. रोज पाऊण तासात त्यांनी निम्मा तलाव पिऊन टाकला तरी ते हसतमुख असायचे.

दादाची शिकवायची एक पद्धत होती, ती शहरात दुसऱ्या कोणाची नव्हती. शिकणारा पाण्यात हात मारू लागला की दादा काठाने त्याच्या बरोबरीने चालायचा. पुढे नाही, मागे नाही. श्वासासाठी तोंड बाहेर काढलं की समोर दादा दिसलाच पाहिजे: दुमडलेली पँट, रबरी चपला आणि हात मोजणारं बोट. एक, दोन, श्वास. एक, दोन, श्वास.

तिसऱ्या महिन्यात मी तरंगायची फळी सोडून हात मारायला लागलो. आमचा तलाव पंचवीस मीटरचा. खोल बाजूकडून निघालं की काठ माझ्या डावीकडे यायचा, म्हणून मी डावीकडे तोंड काढायचो. उथळ बाजूला वळून परत निघालं की तोच काठ उजवीकडे. मग मी उजवीकडे तोंड काढायचो. जाताना डावीकडे, येताना उजवीकडे. मला वाटलं, पोहणं असंच असतं.

एक दिवस शिट्टीने मला थांबवलं. "काका, श्वास एकाच बाजूने घ्यायचा असतो. नाहीतर आळीपाळीने दोन्हीकडून. तुम्ही हे वळल्यावर बाजू बदलता ते काय आहे?"

"मी सरांच्या बाजूने घेतो."

"आणि सर नसले तर?"

हा प्रश्न आमच्या खात्याच्या भाषेत 'विचाराधीन' होता. मी तो तसाच ठेवला.

*

भावाबद्दल दादा पहिल्यांदा बोलला ते चौथ्या महिन्यात. मी खोल बाजूला कठडा धरून दम खात होतो. पायाखाली काही नव्हतं आणि मी त्याचा विचार करायचं टाळत होतो. दादा काठावर उकिडवा बसला होता.

"तुमचं बरं आहे," तो म्हणाला. "भीती वाटते तरी उतरता. मला एक भाऊ आहे. धाकटा. त्याला दगड म्हणायचो मी."

मी कठडा जरा घट्ट धरला.

"गावाबाहेर खाणीचं तळं होतं. मी पंधरा वर्षांचा, तो नऊ. मी ढकललं त्याला. वाटलं, हातपाय मारेल. सगळी पोरं मारतात. याने नाही मारले. सरळ खाली गेला, काही तक्रार न करता."

"मग?"

"मग वर आला एकदा. तेव्हा मी मागे सरकून झाडाआड झालो होतो. गंमत. त्याने वर येऊन बघितलं, काठावर कोणी नाही. आणि परत खाली गेला." दादाने हाताने पाण्यावर उगाच एक रेघ ओढली. "मी काढला त्याला बाहेर. पण त्याने बघितलं ना, कोणी नाही ते. म्हणून मी चालतो बरोबर. वर येणाऱ्याला माणूस दिसला पाहिजे."

एकतीस वर्षं सगळं शहर त्या चालण्याला सरांची शिस्त म्हणत आलं. मीही म्हणत होतो. खाणीचं तळं मला आठवत होतं, वरचं रिकामं आभाळ आठवत होतं, आणि ओल्या कपड्यांनी घरी येताना दादा काय म्हणाला तेही. "बाबांना सांगू नको." मी सांगितलं नाही. बाबांना नाही, आणि त्यानंतर त्रेपन्न वर्षांत दादाशीही तो विषय कधी काढला नाही. आम्ही दोघं भाऊ हवेबद्दल बोलत राहिलो.

"मग बोललात का कधी त्याच्याशी?" मी विचारलं.

"कुठे? तो पाण्याजवळ येत नाही आणि मी पाण्याजवळून हलत नाही." मग तो उठला. "चला. एक फेरी. रागावलाय तो माझ्यावर. साहजिक आहे. चला, हात लांब टाका."

त्या फेरीत मी श्वास किती वेळा घेतला ते मला आठवत नाही. एवढं आठवतं की माझ्या गॉगलच्या आत पाणी होतं आणि गॉगल गळत नव्हता.

त्याच दिवशी मी एक वाक्य तयार केलं. साधंच. "दादा, मी रागावलेलो नाही." तिसऱ्या दिवशी, फेऱ्या झाल्यावर, अंग पुसत मी त्याच्याजवळ गेलो. इकडेतिकडे बघितलं आणि म्हणालो, "दादा, मीच आहे तो. तुझा भाऊ. दगड."

दादा हसला. मोठ्या माणसाने केलेल्या साध्या विनोदाला हसतात तसं, सभ्यपणे.

"नाही हो साहेब," तो म्हणाला. "माझ्या भावाला पोहता येत नाही."

मी वहिनींना सांगितलं. त्या भाजी निवडत होत्या. हात थांबला नाही त्यांचा.

"एवढी एकच खूण ठेवली होती त्यांनी तुमची," त्या म्हणाल्या. "बाकी सगळं गेलं. चेहरा गेला, नाव गेलं. भावाला पोहता येत नाही, एवढं राहिलं होतं."

"म्हणजे मी जितका शिकतोय तितका..."

"हो."

"मग सोडून देऊ?"

त्यांनी एक देठ मोडला. "तुम्ही सोडलंत तर सकाळी उठायचं कशासाठी ते मी त्यांना काय सांगू, भाऊजी?"

मी सोडलं नाही.

*

स्पर्धेचं दादानेच ठरवलं. तलावाच्या फलकावर दरवर्षीची सूचना लागली, त्यात एक नवा गट होता: चाळिशीवरील नवशिके, वर्षभराच्या आत शिकलेले, पन्नास मीटर. दादाने ती सूचना बोट लावून वाचली, मग परत वाचली आणि मला म्हणाला, "तुम्ही उतरायचं."

"सर, मला पन्नास मीटर अजून नीट..."

"माझी प्रत्येक तुकडी वर्षाअखेरी स्पर्धेत उतरते. तुम्ही एकटेच तुकडी आहात. सुट्टी नाही."

त्या दिवसापासून तो रोज विचारायचा, "स्पर्धा कधी?" मी तारीख सांगायचो. दोन मिनिटांनी परत विचारायचा. मी परत सांगायचो. चौतीस वर्षांच्या अनुभवाचा पहिल्यांदाच उपयोग झाला. एकाच प्रश्नाला रोज तेच उत्तर, तेवढ्याच शांतपणे, कसं द्यायचं हे मला सरकारी खर्चाने शिकवलेलं होतं.

तयारी जोरात सुरू झाली. बायकोने माझा सकाळचा दुसरा चहा बंद केला. दंतवैद्यही उतरणार होते, त्यांनी तोंड मिटायचा सराव गाडीत सुरू केला. मी मात्र दुसऱ्याच गणितात होतो. मनात असं धरून बसलो होतो की स्पर्धेच्या दिवशी गर्दी असेल, टाळ्या असतील, मी पन्नास मीटर पुरे करून वर येईन, आणि त्या गडबडीत दादाच्या डोक्यातलं एखादं दार चुकून उघडं राहील. तेवढ्यात मी माझं वाक्य आत टाकीन. पदक वगैरे मला नको होतं. एकदाच त्याने मला ओळखावं आणि मी त्याला चार शब्द सांगावेत. अर्ज इतका साधा होता की आमच्या खात्यातसुद्धा मंजूर झाला असता.

दादाची तब्येत मात्र तारखेची वाट बघत नव्हती. सातव्या महिन्यात तो चालता चालता थांबायचा. मी तोंड बाहेर काढायचो तर तो चार हात मागे, पाण्याकडे बघत उभा. मी पण थांबायचो. मग तो चिडायचा. "थांबलात का? मी आहे ना." आणि परत चालायला लागायचा. एकदा चपला उलट्या पायात घालून आला. एकदा मला वहिनींबद्दल म्हणाला, "त्या बाई फार चांगल्या आहेत. कोण आहेत?" वहिनी शेजारीच होत्या. त्या म्हणाल्या, "तुमच्या ओळखीच्याच आहेत," आणि त्याच्या स्वेटरचं बटण लावलं.

*

स्पर्धेच्या दिवशी तलावाला दोन्ही बाजूंनी कापडी पट्ट्या लावल्या होत्या. प्रमुख पाहुणे कोणत्या तरी समितीचे अध्यक्ष होते. ते पाण्याच्या महत्त्वावर बोलले. तसं भाषण मी ऑफिसात अनेकदा लिहून दिलं आहे, त्यामुळे पुढचं वाक्य कोणतं येणार हे मला आधी कळत होतं आणि थंडी जास्त वाजत होती.

स्पर्धेत काठाने बरोबर चालायची कोणालाच परवानगी नसते. शिट्टीने दोन गोष्टी केल्या. मला काठालगतची पहिली लेन दिली, आणि त्याच काठावर, बरोबर मधोमध, एक खुर्ची ठेवली. त्यावर दादा. शेजारी वहिनी.

"सर इथेच बसतील," ती मला म्हणाली. "जाताना डावीकडे दिसतील, येताना उजवीकडे. ठीक आहे?"

"तू तर म्हणाली होतीस चुकीचं आहे."

"चुकीचंच आहे," ती म्हणाली आणि तोंड फिरवलं.

आम्ही पाच जण होतो. नवशिक्यांना उडी मारायची सक्ती नव्हती. पाण्यात कठडा धरून थांबायचं आणि शिट्टीला निघायचं. शेजारच्या लेनमधून दंतवैद्य म्हणाले, "बुडलो तर माझे दवाखान्यातले पेशंट तुमच्याकडे."

शिट्टी वाजली.

पहिले काही हात मी घाबरून मारले, मग लय लागली. एक, दोन, श्वास. डावीकडे काठ. एक, दोन, श्वास. खुर्चीचे पाय. दादाची रबरी चप्पल. त्याचं बोट मांडीवर हलत होतं, मोजत होतं. मी मागे पडलो होतो आणि मला फार बरं वाटत होतं. उथळ बाजूची भिंत हाताला लागली. वळलो.

आता काठ उजवीकडे. एक, दोन, श्वास. लोकांचे पाय. एक, दोन, श्वास. कापडी पट्टी. एक, दोन, श्वास.

खुर्ची रिकामी होती.

मी अजून एक श्वास घेतला. खुर्ची, वहिनींची पर्स आणि कोणी नाही. वहिनी पाठमोऱ्या, कोणाकडून तरी पाण्याची बाटली घेत होत्या. माझ्या मनात एकच आलं: दादा पाण्यात पडला. मी तोंड वर काढून बघायला गेलो, आणि पोहताना जे कधी करायचं नसतं ते केलं. थांबलो. पाय खाली गेले. खाली काही नव्हतं. मी "दादा" म्हणायला तोंड उघडलं आणि तलाव आत आला.

त्यानंतर मी बासष्ट वर्षांचा नव्हतो. आठ महिन्यांचं शिक्षण कुठे गेलं कळलं नाही. खाली गेलो, वर आलो, वर रिकामं आभाळ होतं, परत खाली गेलो. हाताला लेनचा दोर लागला तो मी दोन्ही हातांनी छातीशी धरला.

"ए दगडा."

मी मान वळवली. दादा पुढे, खोल बाजूच्या काठावर होता. नेहमीच्या सवयीने खुर्चीतून उठून माझ्याबरोबर चालायला लागला होता. चार पावलं जास्तच पुढे गेला होता, एवढंच. आता तो ओल्या लाद्यांवर पालथा पडला होता, पाय फाकवून. बुडणाऱ्याने आपल्याला आत ओढू नये म्हणून तो मुलांना शिकवायचा अगदी तसा. हात माझ्याकडे लांब केलेला.

"सोड तो दोर. इकडे बघ. मी आहे इथे. कुठे गेलो नाही मी. धर हात."

मी धरला. अडुसष्ट वर्षांच्या माणसाच्या हातात इतका जोर असेल असं वाटलं नव्हतं. त्याने मला काठाशी ओढलं, मग बखोटं धरून वर काढलं. शिट्टी धावत आली होती, पण तीन पावलांवर येऊन थांबली.

दादा माझ्या तोंडाकडे बघत होता. त्या नजरेत हिशेब नव्हता. मी ती नजर त्रेपन्न वर्षांपूर्वी, खाणीच्या काठावर, पहिल्यांदा डोळे उघडल्यावर बघितली होती.

"लागलं का कुठे?"

मी मान हलवली. माझं वाक्य तयार होतं, पण घशात क्लोरीनचं पाणी होतं. मी नुसता खोकत होतो.

"चल," त्याने माझं मनगट पकडलं. "घरी चल. बाबांना सांगू या. मी सांगतो. मीच ढकललं म्हणून सांगतो. तू काही बोलू नको. तुला नाही मारणार ते."

बाबांना जाऊन अठ्ठावीस वर्षं झाली होती. दादा मला ओढत निघाला. लोक बाजूला झाले. प्रमुख पाहुण्यांनी टाळी वाजवायला उचललेले हात तसेच खिशात घातले. आम्ही कपडे बदलायच्या खोल्यांपुढून गेलो, फलकापुढून गेलो, मी ओला, खोकत, तो पुढे, माझं मनगट घट्ट धरून. "फार पाणी गेलं का रे? थुंकून टाक. मी होतो रे तिथेच. झाडामागे होतो. तुला दिसलो नाही." मी मान हलवत होतो. एकदा श्वास नीट आला असता तर झालं असतं. मला फक्त चार शब्द बोलायचे होते. "दा..." एवढं निघालं आणि पुन्हा खोकला आला.

फाटकाच्या आधी पाय धुवायचा उथळ हौद आहे. तलावावर येणाऱ्या-जाणाऱ्याने त्यात पाय बुडवल्याशिवाय पुढे जायचं नाही, हा दादाचाच नियम. त्या हौदाशी तो सवयीने थांबला. एक पाय बुडवला, दुसरा बुडवला. मग वर बघितलं. माझ्या मनगटावरचा स्वतःचा हात बघितला आणि तो हळूच काढून घेतला.

"अहो साहेब," तो म्हणाला, "असे ओले बाहेर जाऊ नका. थंडी बाधेल. पुसून घ्या आधी."

तेवढ्यात माझा खोकला थांबला.

*

दोर धरल्यामुळे मी बाद झालो. प्रमाणपत्र मात्र मिळालं, कारण ती आदल्या दिवशीच छापून आली होती. त्यावर लिहिलंय की मी पन्नास मीटर अंतर यशस्वीरीत्या पूर्ण केलं. खाली अध्यक्षांची सही आहे. छापील कागदाशी वाद घालायचा नसतो हे मला नोकरीने शिकवलंय, म्हणून बायकोने ते भिंतीवर लावलं तेव्हा मी गप्प बसलो. दंतवैद्य तिसरे आले. त्यांनी शेवटपर्यंत तोंड मिटून ठेवलं होतं.

त्यानंतर तीन वेळा मी खोल बाजूला मुद्दाम हात सोडून दिले. आता कबूल करायला हरकत नाही. पहिल्या वेळी दादा काठावर उभा राहून म्हणाला, "पाय मारा, साहेब, आळस करू नका." दुसऱ्या वेळी त्याचं लक्ष नव्हतं. तिसऱ्या वेळी त्याने शिट्टीला हाक मारली आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "ते कोण आहेत बघ गं. बुडतायत बिचारे." शिट्टीने मला बाहेर बोलावलं. ओरडेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "काका, पुरे आता," आणि टॉवेल दिला.

मग दादाचं तलावावर येणं बंद झालं. जिना उतरवेना. मी सकाळी एकटा पोहतो. शंभर मीटर होतात आता. श्वास अजून तसाच घेतो, जाताना डावीकडे, येताना उजवीकडे, आणि काठावर जे असेल ते बघतो. बहुतेक वेळा लाद्या असतात.

पोहून झालं की ओल्या केसांनीच दादाकडे जातो. तो खिडकीशी बसलेला असतो. परवा त्याने माझ्या डोक्याकडे बघितलं, वास घेतला आणि चेहरा उजळला.

"तलावावरून आलात?"

"हो."

"छान. मला एक भाऊ आहे. त्याला नाही येत पोहायला."

"माहीत आहे," मी म्हणालो.

"तुम्ही ओळखता त्याला?"

"एकाच खात्यात होतो आम्ही."

दादा थोडा पुढे झुकला. आवाज खाली आणला, वहिनींना ऐकू जाऊ नये म्हणून. वहिनी दारात उभ्या होत्या, त्या तशाच राहिल्या. "रागावलाय का हो तो अजून?"

घसा अगदी कोरडा होता. एक शब्द अडला नाही.

"नाही," मी म्हणालो. "तो रागावलेला नाही. कधीच नव्हता."

दादाने बराच वेळ माझ्याकडे बघितलं. ऑफिसचा माणूस खरं बोलतोय का, ते तो बघत होता. लोक आमच्याकडे असंच बघायचे.

"तसं त्याने सांगायला हवं होतं," तो शेवटी म्हणाला. "तुम्ही सांगून काय उपयोग."

"खरं आहे."

"भेटला तर पाठवून द्या त्याला. ढकलणार नाही म्हणावं."

"सांगतो," मी म्हणालो.

वहिनी आत गेल्या आणि चहा ठेवल्याचा आवाज आला. दादा खिडकीबाहेर बघायला लागला. त्याचं बोट खुर्चीच्या हातावर हलत होतं. एक, दोन, आणि जरा थांबून, परत एक, दोन.